बेथ-शेमेशचे टाके

जवाच्या कापणीआधीचा महिना, दिवस २

घागर पाण्याला टेकली की आधी 'डुब्ब' असा आवाज व्हायचा. मग तोच आवाज खडकात खोदलेल्या चारही दालनांतून फिरून, जरा म्हातारा होऊन, वर पायऱ्यांपाशी यायचा. आईची घागर कोणती आणि शेजारणीची कोणती, हे मी वर बसून नुसत्या आवाजावरून सांगत असे. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्याच वर्षी अश्शूरच्या फौजेने बेथ-शेमेश जाळले आणि आम्ही हेब्रोनच्या डोंगरांत पळालो. साठ वर्षे झाली. आई गेली, शेजारीण गेली, आवाज राहिला.

आज टाक्याच्या तोंडाशी उभा राहून मी कान दिला. आवाज नाही. वास आहे.

साठ वर्षांचा गाळ. वरून हिरवा, खाली काळा, मधे काय काय ते परमेश्वराला ठाऊक. माझा जावई नेरी कमरेपर्यंत त्यात उभा राहून टोपल्या वर देत होता आणि वर आला तेव्हा माझी मुलगी हमूटल त्याच्याजवळही जाईना. गेल्या हिवाळ्यात पंधरा घरे त्याच्या शब्दावर डोंगर उतरून इथे आली. टाके साफ झाले आणि शेवटच्या पावसाचे पाणी त्यात धरले, तरच इथे उन्हाळा काढता येईल. नाहीतर पुन्हा डोंगर, पुन्हा दुसऱ्यांच्या विहिरीवर उभे राहणे.

लिहायला खापऱ्या भरपूर आहेत, एवढे बरे आहे. आख्खे गावच फुटलेले आहे.

दिवस ५

आज गाळातून कुत्र्याचा सांगाडा निघाला, मग दुसरा, मग एक माणसाचा. त्याच्या बोटात अंगठी होती. ती कोणी काढली ते मी पाहिले नाही, पण दुपारनंतर ती नव्हती. आपली माणसे.

अबीताल नावाची एक विधवा आमच्या शेजारी राहते. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, पण जीभ कायम तरुण. मी नाकाला फडके लावून बसलो होतो, तर म्हणाली, "तन्हूमभाऊ, तुम्ही म्हणाला होतात इथलं पाणी मधासारखं होतं. मध जरा आंबलाय वाटतं." बायका हसल्या. हमूटलही हसली.

मी त्यांना शाळेबद्दल सांगायला लागलो. वेशीच्या सावलीत आम्ही नऊ मुले बसायचो आणि लेखनिक गुरुजी काठीने ताल धरून सीमेचे गाणे म्हणून घ्यायचे. आमच्या यहूदा देशाची सीमा कुठून उतरते, कुठे वळते, कुठल्या ओढ्याला लागते, सगळे गाण्यात. आमचे गाव आले की आम्ही आवाज चढवायचो:

*डोंगर उतर, ओढा धर, सूर्यघरी घे विसावा;*
*पलीकडे जो दिवा दिसे, तो आपुला ना मानावा.*

सूर्यघर म्हणजे बेथ-शेमेश, म्हणजे आम्ही. मी दोन्ही ओळी चालीवर म्हणून दाखवल्या. संपल्यावर पाहिले तर बायका टोपल्या घेऊन निघून गेल्या होत्या. अबीताल तेवढी थांबली होती, तीही पायातला काटा काढायला.

दिवस ९

देवळाची जागा सापडली. मोठा चपटा दगड अजून आहे, ज्यावर तेल ओतायचे. त्यावर लेंड्या. आमच्याआधी खालच्या किनाऱ्याकडच्या कोणी पलिष्टी मेंढपाळांनी तिथे बकऱ्या बांधल्या असणार. पायाने ढकलाव्या म्हटले तर खाली लेंड्यांचाच घट्ट थर, वीतभर. मी नखांनी खरवडत बसलो.

संध्याकाळी नेरीला सांगितले की ही जागा आधी धुतली पाहिजे. तो म्हणाला, "मामा, धुवायला पाणी आधी टाक्यात येऊ दे." आणि लगेच आमच्या बकऱ्या तिथेच नेऊन बांधल्या. म्हणे आडोसा चांगला आहे.

मला जेवण गेले नाही.

दिवस १६

टाक्याच्या भिंतींना भेगा आहेत. गिलावा हवा. चुना कुठून आणायचा, तर नेरी एक्रोनहून घेऊन आला. पलिष्ट्यांच्या एक्रोनहून. बदल्यात यंदा जैतून त्यांच्या घाण्यावर नेऊन घालायचे कबूल करून आला.

मी एकदा त्या बाजूला गेलो आहे. घाण्यांतून निघणारे काळे पाणी ते सरळ सोरेकच्या ओढ्यात सोडतात. ओढा धरून उतरायचे, असे आमच्या गाण्यात आहे. तो ओढा आता कुजलेल्या तेलासारखा नाकात बसतो. काठावर डुकरे लोळत होती. त्यांच्या चुन्याने आमच्या पूर्वजांचे टाके लिंपायचे. मी हे बोललो तेव्हा हमूटल म्हणाली, "बाबा, चुना पांढराच आहे. बघा हवं तर."

तिच्या चुलीवरचे भांडेही एक्रोनचेच आहे. माझ्या आता लक्षात आले. मसूर त्यातलीच होती.

जवाच्या कापणीचा महिना, दिवस ३

शेवटचा पाऊस तीन दिवस पडला. टाक्यात छातीभर पाणी आहे.

मी सकाळपासून पायऱ्यांवर जाऊन बसलो होतो. हमूटलने पहिली घागर सोडली. मी डोळे मिटले. आवाज आला, पण तो डुब्ब नव्हता. टप्प असा काहीतरी, पोकळ. फिरलाही नाही नीट. घागर वर आल्यावर पाहिले, तर पातळ, लालसर, एक्रोनची. मी म्हटले आपली जुन्या घाटाची जाड घागर आणा. कोणाकडे नव्हती.

बाकी सगळे नाचत होते. नेरी पायरीवर बसून रडला, मी पाहिले. मोठा माणूस, दाढीला चुना लागलेला, आणि हुंदके देऊन रडतो. मला कसेतरीच झाले.

पाणी गोड आहे. हे लिहिले पाहिजे.

दिवस ८

एक्रोनच्या घाण्यांवरचा मुकादम आज आला. बालयादा त्याचे नाव. जाडसर, गळ्यात कसलीशी मूर्ती अडकवलेली, हाताला तेल. नेरीने जमिनीला कपाळ लावले तेव्हा मी तोंड फिरवले. हमूटलने भाकरी, ताक आणि अंजिराची वडी पुढे केली. तो जेवला, बोटे चाटली, आणि जवळजवळ आमच्याच भाषेत बोलला, फक्त हेल वेगळा. मी त्याच्या पंगतीला बसलो नाही. दारामागे बसून ऐकले.

त्याचे म्हणणे असे. हिवाळ्यापासून तुमचा धूर मला दिसतो, मी वर कळवले नाही. पण आम्ही ज्यांना कर भरतो त्या अश्शूरचा माणूस या महिन्याअखेरीस एक्रोनला येणार आणि गावे मोजणार. ओसाड म्हणून लिहिलेल्या जागी माणसे दिसली की तो विचारणार. तेव्हा माझ्या पत्रांच्या पेटीत तुमच्याकडचे एक पत्र असले पाहिजे, की तुम्ही आमचे जैतून तोडणारे आहात आणि पाणी आमच्या मेहेरबानीने पिता. तो ते पाहील, मान हलवील, पुढचे गाव घेईल.

"लहान पत्र लिहा," तो जाताना म्हणाला. "कंटाळवाणं. वाचणाऱ्याला जांभई आली पाहिजे."

तो गेल्यावर नेरी मला म्हणाला, "मामा, माणूस चांगला आहे." मी म्हटले, माणूस जेवला चांगला.

त्याचे ताट मी हमूटलला दोनदा घासायला लावले.

दिवस ९

आज पत्र झाले. जे झाले ते इथे खरे लिहितो, कारण ही खापरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पंधरा घरांत अक्षर ओळखणारा मी एकटा आहे.

सगळे आमच्या अंगणात जमले. नेरीने सांगायला सुरुवात केली आणि मी लेखणी बुडवली. त्याने सांगितले ते असे: "मालकांना. तुझे दास, तुझी कुत्री. आम्ही पंधरा घरं, बकऱ्या राखतो, तुझ्या घाण्यासाठी जैतून तोडतो. जुन्या खड्ड्यातलं पाणी आम्हाला पिऊ द्यावं. हे काही गाव नाही. झोपड्या आहेत."

कुत्री म्हणणे ही रीतच आहे, मला ठाऊक आहे. वरच्या अधिकाऱ्याला लिहिताना सगळे लेखनिक तसे लिहितात, गुरुजींनी ते वाक्य आमच्याकडून शंभरदा गिरवून घेतले होते. पण ते यरुशलेमला लिहिताना. डुकरे खाणाऱ्याला नव्हे. आणि खड्डा? आणि हे गाव नाही?

माझा हात थांबला. नेरी म्हणाला, "मामा, काय झालं?" मी म्हटले, शाई घट्ट झाली आहे.

मग मी लिहिले. एकदा लागलेला हात थांबेना, साठ वर्षांत एवढे सरळ अक्षर आले नव्हते. मी लिहिले:

*बेथ-शेमेश नगरातून. यहूदाच्या वाट्याला आलेल्या भूमीची ही कड आहे आणि आम्ही तिच्यावर परत आलो आहोत. टाके आमच्या वाडवडिलांनी खडकात खोदले. त्यातले पाणी आम्ही कोणाच्या मेहेरबानीने पीत नाही. आमच्याशी शेजाऱ्यासारखे वागाल तर जैतून तुमच्या घाण्यावर घालू.*

आणि शेवटी गाण्याच्या त्या दोन ओळी. त्यांच्यामुळे पत्राला उठाव आला.

"वाचा," नेरी म्हणाला. मी खापरीवर बोट फिरवत त्याचे सगळे शब्द, कुत्र्यासकट, वाचून दाखवले. अबीताल म्हणाली, "झोपड्यांपाशी अडखळलात का हो?" मी म्हटले, वयामुळे.

नेरीने खापरी लोकरीत गुंडाळली आणि स्वतः एक्रोनला गेला. जाताना माझ्या पाया पडला. नको होते पडायला.

दिवस १०

झोप नाही. पण कुत्रा असे लिहून झोप लागली असती का? तीही नसती लागली.

दिवस १९

उत्तर नाही. नेरी म्हणतो उत्तर न येणे हेच चांगले उत्तर. तो दिवसभर टाक्याच्या वरच्या बाजूला चर खणतो, पुढच्या वर्षीचे पावसाचे पाणी वळवायला. पुढच्या वर्षीचे.

मी विचार करून पाहिला. माणसाला माणूस भेटला पाहिजे. आतापर्यंत एक्रोनवाल्यांना इकडून फक्त कण्हणे ऐकू गेले आहे. सरळ, घाटदार भाषा कानावर पडली की त्यांनाही वाटेल की इथे कोणीतरी राहते. मुकादमाला चव नाही, पण त्याच्यावरच्यांना असेल. अश्शूरचे लोक तर शिकलेले म्हणतात.

हमूटलला मूल राहिले आहे. आज तिने सांगितले. पहिल्यांदाच या वयात. "इथे होईल, बाबा," म्हणाली. "वर डोंगरात नाही." तिच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता, तरी मी तिला जवळ घेतले.

गव्हाच्या कापणीचा महिना, दिवस २

सकाळी सोरेकच्या बाजूने धूळ दिसली. सहा सैनिक, वीसेक बैलगाड्या, ऐंशी तरी मजूर. मुकादम त्यांच्यात नव्हता. दुसराच कोणी अधिकारी होता, कोरडा, अश्शूरच्या धाटणीची वळ्यावळ्यांची दाढी. त्याने कोणाकडे पाहिले नाही, सरळ टाक्याच्या तोंडाशी गेला, आत वाकून पाहिले आणि मजुरांना बोट दाखवले.

पहिली टोपली माझ्यासमोर पडली. राख, विटांचा चुरा, भांड्यांचे तुकडे. खालून पाण्याचा आवाज आला. दुसरी पडली. नेरी सैनिकाच्या पायाशी जाऊन पत्राबद्दल बोलत होता, आम्ही पत्र पाठवले आहे, कुत्री म्हटले आहे, विचारा. सैनिकाने त्याला भाल्याच्या मागच्या बाजूने ढकलले.

मी टोपल्या मोजत राहिलो.

दिवस ४

अजून भरताहेत. आमच्याच पडक्या भिंती खणून आमच्याच टाक्यात. आज त्यांनी दोन मेलेली कुत्री आणि एक बकरी आत टाकली, म्हणजे नंतर कोणी उकरायला जाऊ नये. उन्हाने वास सगळ्या टेकडीवर पसरला. माश्या भाकरीवर बसतात, डोळ्यांत जातात. मी दोनदा ओकलो.

नेरी एवढेच म्हणाला की बालयादाने फसवले. मी म्हटले, मी आधीच सांगितले होते, त्यांच्या शब्दाला काय किंमत. अबीताल माझ्याकडे पाहत राहिली.

दिवस ६

टाके तोंडापर्यंत भरले. वरून माती ठोकून सारखी केली. साठ वर्षांनी कोणी आला तर त्याला इथे काही होते हेही कळणार नाही.

घरे रिकामी होत आहेत. दुपारी हमूटल माझ्यापाशी बसली. मांडीवर हात होते, हालत नव्हते.

"बाबा, पत्रात नेरी म्हणाला तेवढंच लिहिलं होतं ना?"

मी म्हटले, लिहायला हवे होते ते लिहिले होते.

"हो की नाही तेवढं सांगा."

मी हो म्हटले. तिने मान हलवली आणि एक्रोनचे भांडे कापडात बांधायला घेतले.

दिवस ७

आज सगळे गेले. नेरी आणि हमूटल बकऱ्या घेऊन सोराहच्या चढावर गेले, परवा गाढव घेऊन माझ्यासाठी येतील. मला चढ चालवत नाही. दोन घागरी पाणी ठेवून गेले आहेत, टाक्यातले शेवटचे. आधी मला वाटले की पिऊ नये, साठवावे. मग तहान लागली.

अबीताल जाताना दारात थांबली. मला वाटले काहीतरी टोचून बोलेल. ती माझ्या लेखणीकडे बघून निघून गेली. हेच मला जास्त लागले.

देवळात जाऊन आलो. बकऱ्या नाहीत. लेंड्या आहेत.

दिवस ८

सकाळी उशिरा दार वाजले. गावात कोणी नाही, मला वाटले उद्याचे गाढव आजच आले. दार उघडले तर अनोळखी माणूस. पन्नाशीचा, दाढीत माती, हाताच्या भेगांत राख. टाके भरणाऱ्यांपैकी एक. मी दार लावणार होतो.

"आजोबा, पाणी आहे का?" तो म्हणाला. बोली आपली होती, डोंगरातली, अगदी हेब्रोनकडची.

मी विचारले, कोणाचा तू? म्हणाला अदोराईमचा, नाव मिबतह्या. एक्रोनला बेगारीवर धरून आणलेला. गाड्या परत गेल्या, याचा पाय बैलाखाली आला म्हणून मागे राहिला. घोटा काळानिळा होता, दुर्गंधी येत होती. गावातली सगळी दारे त्याने वाजवून पाहिली होती.

मी म्हटले, आपल्याच पाण्यावर माती टाकताना हात कसा उचलला? तो म्हणाला, "मागे भाला असला की उचलतो, आजोबा." मग उंबऱ्यावर टेकला आणि आपणहून बोलत राहिला, माणूस तहानेत बोलतो तसा. घाण्याच्या आवारात अश्शूरचा माणूस गावे मोजायला बसला होता. पत्रे न वाचताच ठेवलेली पेटी मुकादमाने पुढे केली आणि अश्शूरवाल्याच्या लेखनिकाने वरचीच खापरी उचलून मोठ्याने वाचली. बेथ-शेमेश नगर, यहूदाची कड, आम्ही परत आलो आहोत. मुकादमाला तिथल्या तिथे बांधून नेले. दुसऱ्या दिवशी गाड्या जोडल्या.

"लिहिणारा कोण होता देव जाणे," तो म्हणाला. "पंधरा घरं मारली बसल्या जागी."

मी आत गेलो, वाटी भरली, घेऊन आलो. थोडे सांडले. वाटी त्याच्या पुढे धरली आणि मी विचारले. का विचारले ते मला आत्ताही सांगता येत नाही.

"सगळं वाचलं का? शेवटच्या दोन ओळीसुद्धा?"

त्याने वाटीला हात लावला होता. तो काढून घेतला. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या तोंडावर जे आले ते मी ओळखतो, दोन महिने मीच सगळ्यांकडे तसे पाहत आलो आहे.

"तुम्ही?" तो म्हणाला.

वाटी उंबऱ्यावर आहे. मी आत येऊन हे लिहितो आहे. तो अजून तिथेच बसला आहे, पाणी प्यायलेला नाही.